जयभीमला विशेषण कशाला?

एप्रिल उजाडला की जुळे सोलापुरातल्या चौकाचौकांत फलक लागतात. 'कडक जयभीम', 'नाद खुळा', 'विषय हार्ड'. प्रत्येकाला वेगळे दिसायचे असते आणि प्रत्येक जण तेच शब्द छापतो. फोटो झाकले तर फलक कोणत्या मंडळाचा, हे सांगता येणार नाही.

वस्तीतल्या बोलीशी आमचे भांडण नाही. त्याच बोलीने दलित साहित्य उभे केले. भांडण उसन्या शब्दांशी आहे.

जयभीम हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते. विडी कामगारांना संघटित करणारा हा कार्यकर्ता १९३९ साली अवघ्या पस्तिशीत गेला. ज्या समाजाला वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे लागे, तो या अभिवादनाने ताठ उभा राहिला. आता तुमचा जयभीम 'कडक' असेल, तर सोलापुरात विड्या वळून पोरे शिकवणाऱ्या आमच्या मायमाउलीचा जयभीम काय मऊ होता?

बाबासाहेबांच्या पत्रांची नावे पाहा. 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, 'जनता' १९३०, 'प्रबुद्ध भारत' १९५६. मूक माणूस प्रबुद्ध होईपर्यंतचा प्रवास या चार नावांत आहे. विचार पुढे गेला म्हणून शब्द नवा आला.

तरुण मित्रांनो, यंदा फलकावर एवढेच लिहा : आपल्या मंडळाने किती मुलांना पुस्तके दिली, किती जणांची अडलेली शिष्यवृत्ती मिळवून दिली. तो फलक दुसऱ्या कुणाला उतरवून घेता येणार नाही. खाली साधा जयभीम पुरे.