बारा आणे दम

मुलाने वडिलांच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आमच्यापुढे धरला. 96. "सिस्टर, ऑक्सिजन तर चांगलाय. तरी रात्रभर बसून असतात." आजोबा मांडीवर उशी घेऊन पुढे झुकून बसले होते. तीन रात्री त्यांनी पाठ टेकली नव्हती.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना घरी जाऊन भेटणाऱ्या पुण्यातल्या एका पथकाबरोबर मी स्वयंसेवक म्हणून फिरते. दुखणं किती आहे ते मोजतात, हे मला ठाऊक होतं. धापही मोजतात, हे या घरांमध्ये कळलं.

सिस्टरने नाडी बघतेय अशा आविर्भावात आजोबांचं मनगट धरलं, पण नजर त्यांच्या छातीवर होती. श्वास मोजताहेत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून हा बहाणा. पुरतं एक मिनिट. 28. मग तिने त्यांना बोलतं केलं. चार शब्दांनंतर वाक्य तुटत होतं, गळ्याच्या शिरा ताठत होत्या. तिने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "हे मला दिसलं. आता तुम्हाला काय होतंय ते सांगा."

ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन सांगतो, धाप सांगत नाही. आजोबांच्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलं होतं, आजाराने छातीचे स्नायूही झिजले होते. मेंदू मागतो तेवढा श्वास छातीला ओढवत नाही, तेव्हा माणूस कासावीस होतो. हे कासावीस होणं कुठल्याही यंत्राच्या काचेवर उमटत नाही, म्हणून ते विचारावंच लागतं.

"दम लागतो, श्वास कोंडतो, की जीव घाबरा होतो?" सिस्टरने विचारलं. मला आधी हे एकच वाटलं. आजोबांनी मात्र नीट निवडून सांगितलं, "दिवसा दम लागतो. रात्री जीव घाबरतो." जपानमध्ये 2000 साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी धापेची 12 प्रश्नांची मोजपट्टी तयार झाली. तिचेही तीनच धागे आहेत : श्वासाला पडणारे कष्ट, कोंडल्यासारखं वाटणं आणि भीती. धागा कळला की उपाय ठरतो : घाबऱ्या जिवाला रात्री कुणीतरी जवळ बसायला लागतं, पडल्या पडल्या दमणाऱ्याला बसण्याची पद्धत बदलून द्यावी लागते.

मग अंक. "0 म्हणजे अजिबात दम नाही, 10 म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आत्ता किती?" मुलगा चटकन म्हणाला, "पाच असेल." सिस्टरने हातानेच त्याला थांबवलं. आजोबा एसटीत कंडक्टर होते. थोडा विचार करून म्हणाले, "दहात नाही जमत, बाई. रुपयात सांगतो. बारा आणे."

तिने कागदावर 'बारा आणे' असंच लिहिलं आणि शेजारी दहाचा पाऊण हिस्सा, साडेसात. मुलाच्या पाचापेक्षा अडीच जास्त. त्याचं प्रेम कमी नव्हतं, पण दुसऱ्याची धाप बाहेरून मोजता येत नाही.

माप माणसाला बेतून घ्यावं लागतं. वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या अभ्यासातून ब्रिटनच्या चार्ल्स फ्लेचर यांनी धापेच्या पायऱ्या ठरवल्या. चढावर दम लागतो का, सपाट रस्त्यावर बरोबरीच्यांच्या मागे पडता का, असे ते प्रश्न. चालत्या माणसाला ते उत्तम लागू पडतात. पलंगावरून न उठणाऱ्याला ते विचारून काय कळणार?

त्या दिवशी सिस्टरने पलंग खिडकीशी ओढला आणि टेबलफॅन गालावर वारा येईल असा ठेवला. ऑक्सिजनचं सिलिंडर आणू का, मुलाने विचारलं. तिने नको म्हटलं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुर्धर आजाराच्या 239 रुग्णांना नळीतून ऑक्सिजन किंवा साधी हवा दिली होती. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन फारसा कमी नव्हता, अशांना ऑक्सिजनने साध्या हवेपेक्षा जास्त आराम पडला नाही. फोनवर डॉक्टरांशी बोलणं झालं आणि मॉर्फिनचा अगदी लहान डोस सुरू झाला. तासाभराने पुन्हा तोच प्रश्न. "दहा आणे." दहातला एक अंक उतरला तरी रुग्णाला तो जाणवतो, असं अभ्यासक मानतात. आजोबांना तो जाणवला होता. ते उशीला टेकले.

पुढच्या भेटीत भिंतीवरच्या कालनिर्णयवर लक्ष गेलं. दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकटींत मुलाने बारीक अक्षरात लिहिलं होतं : सकाळी 8 आणे, रात्री 11. ऑक्सिमीटर कपाटावर पडला होता.

शेवटी बोलणं थांबतं. तेव्हाच्या श्वासाला आपण ऊर्ध्व म्हणतो. तेव्हा काय मोजायचं? अमेरिकेतल्या मार्गारेट कॅम्पबेल यांनी अशा वेळेसाठी आठ खुणा ठरवल्या. नाडी, श्वासाची गती, अस्वस्थ हालचाल, मानेच्या स्नायूंची ओढ, छाती-पोटाची उलटी हालचाल, श्वास सोडताना कण्हणं, फुललेल्या नाकपुड्या आणि चेहऱ्यावरची भीती. सिस्टरने या खुणा मुलाला सोप्या भाषेत समजावल्या.

आजोबा गेल्यावर आम्ही भेटायला गेलो. कालनिर्णयवर शेवटच्या दोन दिवसांत आणे नव्हते. एका चौकटीत लिहिलं होतं, 'नाकपुड्या शांत.' दुसरीत, 'कपाळावर आठी नाही.'