पदविका विद्यार्थ्यांची नोंदणी (महाराष्ट्र)

पदविका विद्यार्थ्यांची नोंदणी म्हणजे पदविका अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे नाव, त्याची पात्रता तपासून, परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या अभिलेखात दाखल करण्याची प्रक्रिया होय. प्रवेश महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतन देते, नोंदणी मात्र पदविका प्रदान करणारी संस्था करते. या दोन्ही गोष्टी अनेकदा एकच समजल्या जातात. प्रत्यक्षात शुल्क भरून वर्गात बसणारा विद्यार्थी नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेस पात्र ठरत नाही, आणि अपात्र व्यक्तीची किंवा मान्यता नसलेल्या संस्थेमार्फत झालेली नोंदणी पुढे रद्द होऊ शकते. त्यामुळे नोंदणीचे नियम आणि त्यांतून विद्यार्थ्यावर येणाऱ्या जबाबदाऱ्या यांचा संबंध थेट पदविकेच्या वैधतेशी असतो.

नोंदणी करणाऱ्या संस्था

महाराष्ट्रात पदविका देणारी एकच संस्था नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि इतर तांत्रिक पदविकांचे बहुसंख्य विद्यार्थी महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे नोंदले जातात. हे मंडळ महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ अधिनियम, १९९७ अन्वये स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय मुंबईत वांद्रे येथे आहे. स्वायत्तता मिळालेली काही तंत्रनिकेतने आपल्या परीक्षा स्वतः घेतात व विद्यार्थ्यांची नोंदही स्वतः ठेवतात.

विद्यापीठांच्या पदविका आणि पदव्युत्तर पदविका यांची नोंदणी संबंधित विद्यापीठाकडे होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये केलेल्या ‘विद्यार्थी’ या संज्ञेच्या व्याख्येत पदवीबरोबर पदविकेचाही उल्लेख असून, नाव दाखल झालेली व्यक्ती हीच विद्यार्थी मानली जाते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्वतंत्र अधिनियमाद्वारे स्थापन झाले. त्याचे पदविका अभ्यासक्रम अभ्यासकेंद्रांमार्फत चालतात, परंतु विद्यार्थ्याची नोंदणी केंद्राकडे नसून विद्यापीठाकडे असते. आरोग्यविज्ञानातील पदव्युत्तर पदविका महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात. प्राथमिक शिक्षणशास्त्र पदविकेची परीक्षा पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी दोन बाबी तपासणे आवश्यक ठरते. पहिली, पदविका नेमकी कोणती संस्था देणार आहे. आणि दुसरी, त्या शैक्षणिक वर्षासाठी महाविद्यालयाला त्या संस्थेची संलग्नता व संबंधित नियामक परिषदेची मान्यता आहे का. तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, औषधनिर्माणशास्त्रासाठी भारतीय औषधनिर्माणशास्त्र परिषद आणि शिक्षक प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद या नियामक परिषदा आहेत. मान्यता दिलेल्या संस्थांची नावे त्या आपल्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध करतात.

नोंदणीचे टप्पे

पात्रतेची तपासणी

दहावीनंतरच्या अभियांत्रिकी पदविकेसाठी दहावी उत्तीर्ण असणे व किमान ३५ टक्के गुण असणे ही मूळ अट आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम किंवा बारावी पूर्ण केलेल्यांना ठरावीक अटींवर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालय राबवते. या प्रक्रियेत कागदपत्रांची तपासणी झाली, तरी परीक्षा मंडळाची तपासणी स्वतंत्रपणे होते. विद्यापीठीय व्यवहारात या तपासणीला ‘पात्रता’ म्हणतात. ती पूर्ण होईपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो.

कागदपत्रे

सामान्यतः अर्हता परीक्षेची गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, ओळखपत्र, छायाचित्र व स्वाक्षरी ही कागदपत्रे लागतात. दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या मंडळाकडून वा विद्यापीठाकडून आलेल्या विद्यार्थ्यास स्थलांतर प्रमाणपत्र द्यावे लागते. शिक्षणात खंड पडला असल्यास त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. राखीव जागेवरील प्रवेशासाठी जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तेथे नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर करावे लागते.

विद्यार्थ्याचे व पालकाचे रॅगिंगविरोधी हमीपत्र हाही नोंदणीचाच भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार ते दरवर्षी द्यावे लागते.

नोंदणी क्रमांक

पात्रता मान्य झाल्यावर विद्यार्थ्यास कायम नोंदणी क्रमांक किंवा नावनोंदणी क्रमांक मिळतो. मुंबई विद्यापीठासह काही विद्यापीठांत हा क्रमांक १६ अंकी असतो. तो अभ्यासक्रम संपेपर्यंत बदलत नाही आणि परीक्षा अर्ज, प्रवेशपत्र, गुणपत्रिका व पदविका प्रमाणपत्र या सर्वांवर येतो. दर परीक्षेला मिळणारा आसन क्रमांक मात्र वेगळा असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम लागू केल्यानंतर १२ अंकी राष्ट्रीय ओळख क्रमांकही घेतला जाऊ लागला. या खात्यात विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक जमा होतात. दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा स्वतंत्र ओळख क्रमांकही आवश्यक करण्यात आला आहे.

नोंदणी टिकवणे

एकदा क्रमांक मिळाला म्हणजे प्रत्येक परीक्षेस बसण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. प्रत्येक सत्रात किंवा वर्षात तीन अटी पूर्ण कराव्या लागतात.

पहिली अट उपस्थितीची आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमांत किमान ७५ टक्के उपस्थिती अपेक्षित असते. ती कमी पडल्यास किंवा सत्रकर्म अपूर्ण राहिल्यास विद्यार्थ्यास त्या सत्राच्या परीक्षेपासून रोखले जाते. आजारपणासारख्या कारणासाठी सवलत मिळू शकते, परंतु त्यासाठी वेळेवर केलेला लेखी अर्ज व वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक असते.

दुसरी अट परीक्षा अर्जाची आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, हिवाळी व उन्हाळी सत्रांत होतात आणि प्रत्येक परीक्षेसाठी नव्याने अर्ज भरावा लागतो. नियमित मुदतीनंतर वाढत्या विलंब शुल्कासह अर्ज घेतले जातात. अंतिम मुदत उलटल्यावर मात्र ते सहसा स्वीकारले जात नाहीत. अनुत्तीर्ण विषयांचा समावेशही याच अर्जात करावा लागतो. एखाद्या विषयाची नोंद अर्जात राहून गेल्यास प्रवेशपत्रात तो विषय येत नाही. म्हणूनच प्रवेशपत्र हाती आल्यावर नाव, छायाचित्र, विषय व विषय संकेतांक त्याच दिवशी पडताळून पाहणे हिताचे असते.

तिसरी अट प्रगतीची आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिले असतील, तर विद्यार्थी पुढील वर्गात जातो. ही सवलत ‘एटीकेटी’ या नावाने परिचित आहे. मर्यादेपलीकडे विषय राहिल्यास वर्ष वाया जाते. याशिवाय अभ्यासक्रम पूर्ण करण्यास कमाल कालमर्यादा असते. ती ओलांडल्यास किंवा मध्यंतरी अभ्यासक्रमाची योजना बदलल्यास नव्या योजनेनुसार पुन्हा नोंदणी करावी लागू शकते. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण नोकरी वा घरकाम सांभाळून शिकणाऱ्यांचे शिक्षण वारंवार खंडित होते.

विद्यार्थ्याच्या जबाबदाऱ्या

नोंदणी अर्जावरील स्वाक्षरीने विद्यार्थी दिलेल्या माहितीच्या सत्यतेची हमी देतो. खोटी माहिती किंवा बनावट कागदपत्र आढळल्यास प्रवेश कोणत्याही टप्प्यावर रद्द होतो आणि फौजदारी कारवाईही होऊ शकते. खोट्या जात प्रमाणपत्राबाबत महाराष्ट्राचा कायदा अधिक कठोर आहे. जात प्रमाणपत्र देणे व त्याची पडताळणी यांसंबंधीच्या २००० च्या अधिनियमातील कलम १० नुसार अशा प्रमाणपत्राच्या आधारे प्रवेश घेऊन मिळवलेली पदवी किंवा पदविकाही रद्द होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये या अधिनियमाच्या अंमलबजावणीबाबत निर्णय देताना, दीर्घकाळ लोटला या कारणाने असे लाभ टिकवता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली.

नावाचे शुद्धलेखन ही वरकरणी किरकोळ वाटणारी बाब पुढे बरीच अडचण निर्माण करते. नोंदणीतील नाव सामान्यतः दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे घेतले जाते. आधार, बँक खाते व गुणपत्रिका यांत फरक असल्यास शिष्यवृत्ती अडकते आणि पदविका प्रमाणपत्रावर चूक कायम राहते. विवाहानंतर वा अन्य कारणाने नाव बदलल्यास ते शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करून नोंदणीत दुरुस्ती करून घ्यावी लागते.

दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यावर पूर्वी निर्बंध होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्गांच्या वेळा एकमेकांत येत नसतील, तर दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम, किंवा एक नियमित व एक दूरस्थ वा ऑनलाइन अभ्यासक्रम करता येतो. तथापि संबंधित संस्थांचे स्वतःचे नियम लागू राहत असल्याने दोन्ही ठिकाणी तशी माहिती देणे आवश्यक असते.

परीक्षेतील गैरप्रकारांना महाराष्ट्रात १९८२ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. रॅगिंगला महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे इतर कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश मिळत नाही.

संस्थेच्या जबाबदाऱ्या

नोंदणीचा संपूर्ण भार विद्यार्थ्यावर नसतो. विद्यार्थ्याकडून घेतलेले नोंदणी व परीक्षा शुल्क मुदतीत मंडळाकडे भरणे, पात्रतेचे प्रस्ताव पाठवणे, त्रुटी विद्यार्थ्याला कळवणे आणि हजेरीचा अभिलेख ठेवणे ही महाविद्यालयाची कामे आहेत. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर परत करावी लागतात. शुल्क वसूल करण्यासाठी किंवा विद्यार्थी सोडून जाऊ नये म्हणून ती अडवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मनाई केली आहे.

शुल्काची पावती, सादर केलेल्या अर्जाची पोच आणि नोंदणी क्रमांक विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवल्यास पुढे वाद झाला, तरी चूक कोणाकडून झाली हे दाखवता येते.

न्यायालयीन निर्णय

नोंदणीतील दोषाची किंमत कोणी मोजावी, या प्रश्नाला न्यायालयांनी परिस्थितीनुसार वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. कुरुक्षेत्र विद्यापीठाशी संबंधित १९७५ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, उपस्थितीतील कमतरता परीक्षेपूर्वी तपासणे हे महाविद्यालयाचे व विद्यापीठाचे काम होते. विद्यार्थ्याने कोणतीही फसवणूक केलेली नसताना, त्याला परीक्षेस बसू दिल्यानंतर त्याची उमेदवारी मागे घेता येणार नाही. कर्नाटक विद्यापीठाविरुद्धच्या १९८६ च्या प्रकरणात विद्यार्थी मुळात अपात्र असूनही खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश दिला होता. तेथे दोष महाविद्यालयांचा मानून न्यायालयाने त्यांना शिक्षण पूर्ण करू दिले.

याउलट, संस्थेलाच मान्यता नसेल तर न्यायालयांची भूमिका कठोर राहिली आहे. महाराष्ट्रातील मान्यता नसलेल्या अध्यापक प्रशिक्षण संस्थांमधील विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू देण्याचा प्रश्न १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. केवळ सहानुभूतीपोटी अशी परवानगी दिल्यास शिक्षणाचा दर्जा व परीक्षापद्धती यांना बाधा येते, असे सांगून न्यायालयाने ती नाकारली. नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबतही न्यायालयाने अशीच भूमिका घेतली. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना परीक्षा देऊन पदवी टिकवण्याची संधी मिळाली, त्यानंतरच्या पदव्या मात्र मागे घेण्याचा आदेश झाला. या निर्णयांमधून दिसणारा फरक असा : तपासणीतील चूक मान्यताप्राप्त संस्थेची असेल तर विद्यार्थ्यास संरक्षण मिळण्याची शक्यता असते, मान्यताच नसेल तर ती शक्यता फार कमी होते.

तक्रार निवारण

विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न महाविद्यालये यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे एप्रिल २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम लागू आहेत. प्रवेशातील अनियमितता, कागदपत्रे अडवणे, परीक्षा व निकाल यांतील दिरंगाई अशा बाबी त्यांत येतात. महाविद्यालय किंवा विद्यापीठातील विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थी १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करू शकतो आणि ते ३० दिवसांत निकाली काढणे अपेक्षित असते. तांत्रिक संस्थांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे स्वतंत्र विनियम आहेत. गुणांविषयीच्या तक्रारी या मार्गाने न जाता निकालानंतर विहित मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करून मांडाव्या लागतात.

पुढील शिक्षणाशी संबंध

अभियांत्रिकी पदविकाधारकांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. त्या वेळी नोंदणीची साखळी पुन्हा पहिल्यापासून तपासली जाते. नवे विद्यापीठ आधीच्या मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका व पदविका प्रमाणपत्र मागते आणि पात्रता ठरवून नवा कायम नोंदणी क्रमांक देते. औषधनिर्माणशास्त्र पदविकाधारकास व्यवसाय करण्यासाठी राज्य औषधनिर्माणशास्त्र परिषदेकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठीही मान्यताप्राप्त संस्थेतून मिळवलेली पदविका हीच मूळ अट असते.