कार्बनची मोजणी आणि वाघाडची चारी

नाशिकजवळचे ओझर बाहेरच्यांना विमानांच्या कारखान्यामुळे माहीत आहे. पाण्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ते वेगळ्या कारणाने माहीत आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचा कालवा ओझरकडे येतो, आणि ओझरचे शेतकरी त्या कालव्याच्या शेपटाला. वरच्यांचे भागल्याशिवाय शेपटाला पाणी पोचत नाही, हा महाराष्ट्रातल्या बहुतेक कालव्यांचा अनुभव. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०-९१ च्या सुमारास इथे महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. या संस्थांनी पाणी एकरावर नव्हे, मोजून घेतले. सात नंबरचा फॉर्म भरून पिकाखालच्या क्षेत्रावर पट्टी भरण्याऐवजी संस्थेच्या हद्दीत जेवढे घनमीटर पाणी आले तेवढ्याचे पैसे द्यायचे.

कार्बन क्रेडिटवर लिहिताना ही हकीकत आधी सांगण्याचे कारण आहे. सेन्सर लावले की कार्बनचा हिशेब चोख होईल, असे आज शेतकऱ्यांना सांगितले जाते. चोख हिशेबाला काय काय लागते, हे या भागाने पाण्याच्या बाबतीत आधीच पाहिले आहे.

कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या तोंडाशी पाणी मोजायला फ्लूम बांधतात. पाट एका ठिकाणी ठरावीक मापाने अरुंद केला की तिथल्या पाण्याची खोली आणि प्रवाह यांचे पक्के नाते जुळते. प्रवाह खोलीच्या दीडाव्या घाताने वाढतो, म्हणजे खोली चौपट झाली तर पाणी आठपट. त्यामुळे वेग मोजण्याची गरज उरत नाही. भिंतीवरची पट्टी वाचायची आणि कोष्टकात आकडा पाहायचा. वीज नाही, बॅटरी नाही. माझ्या लेखी या साधनाचा सर्वांत मोठा गुण अचूकता नाही. पाणी देणारा आणि पाणी घेणारा, दोघेही तीच पट्टी, त्याच वेळी, आपापल्या डोळ्यांनी वाचू शकतात, हा तो गुण.

आता कार्बन. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच उष्णता धरून ठेवणारा दुसरा वायू, हवेत जाण्यापासून रोखल्याचा किंवा हवेतून काढून घेतल्याचा दाखला. क्योटो कराराच्या काळात महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांनी आणि साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांनी असे दाखले मिळवले. तिथे मोजणी सोपी होती. वीज मीटरमधून जाते, मीटरचे रीडिंग वीज कंपनी आणि मालक मिळून घेतात. एक हजार युनिट वीज कोळशाच्या जोरावर चालणाऱ्या आपल्या ग्रिडमधून घेतली असती, तर सुमारे ०.७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता. गुणाकार केला की संपले.

मीटरपासून जसजसे दूर जावे तसतसा आकडा सैल होतो. सुधारित चुलींचे प्रकल्प घ्या. चूल वाटली, म्हणजे सरपण वाचले, असे धरून जगभर क्रेडिट दिली गेली. चूल घरात रोज पेटते की कोपऱ्यात पडून आहे, हे वर्षातून एकदा प्रश्नावली घेऊन विचारले जाई. बर्कलीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांची क्रेडिट प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट निघाली. ज्या पद्धतीत इंधनाचा वापर थेट मीटरने मोजला होता, ती सत्याच्या सर्वांत जवळ होती. सेन्सरच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

भातशेतीतही सेन्सरचे काम नेमके आहे. पाणी साचलेल्या खाचरात ऑक्सिजन संपतो, जिवाणू मिथेन तयार करतात. अधूनमधून पाणी उतरू दिले, तर मिथेन जवळपास निम्म्यावर येतो. खाचरात भोके पाडलेला पाइप रोवून पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा भरायचे, ही फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुजवलेली रीत. त्या पाइपात पाण्याची पातळी टिपणारा सेन्सर बसवला की पाणी खरोखर कधी उतरले याची नोंद आपोआप राहते. इगतपुरी-पेठच्या भातपट्ट्यात मात्र एक अडचण आहे. तिथे पाणी उतरवायचे की नाही, हे श्रावणातला पाऊस ठरवतो, शेतकरी नव्हे.

ओझर-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात सेन्सर नवे नाहीत. पान किती तास ओले राहिले हे सांगणारे यंत्र शेतकरी डावणी रोगाच्या धास्तीने लावतात, मुळाशी ओलावा मोजणारे ठिबकसाठी. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक कोरड्या मातीच्या सुमारे वीसपट असतो, म्हणून मातीतला ओलावा विजेच्या खुणेने सहज ओळखता येतो. मातीतल्या सेंद्रिय कार्बनची अशी ठळक खूण नाही, आणि इथेच खरा पेच सुरू होतो.

हिशेब करून पाहू. एक हेक्टर जमिनीत वरच्या ३० सेंटिमीटर थरात सुमारे ३९०० टन माती असते. सेंद्रिय कार्बन ०.५ टक्के धरला तर साडेएकोणीस टन. शेणखत घातले, ताग गाडला, खरड छाटणीच्या काड्या न जाळता कुट्टी करून बागेतच टाकल्या, आणि वर्षाला हेक्टरी ०.४ टन कार्बन वाढला, तर ते चांगले काम झाले. पण टक्केवारीत ती वाढ ०.०१. एकाच बागेत दोन ओळींतल्या मातीत याच्या कित्येकपट फरक सापडतो. म्हणजे एका वर्षाच्या दोन तपासण्यांवरून क्रेडिट मागणारा माणूस मातीचा चढउतार विकत असतो.

आपल्या काळ्या जमिनीत आणखी एक भानगड आहे, ती चुनखडीची. प्रयोगशाळेत माती जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजला, तर चुनखडीतला कार्बनही त्यात मिसळतो. आधी आम्लाने चुनखडी काढून टाकावी लागते. मातीवर अवरक्त प्रकाश टाकून परत येणाऱ्या किरणांवरून कार्बनचा अंदाज देणारी हातात मावणारी यंत्रे आता आहेत. पण ती आपल्याच भागातल्या, नीट तपासलेल्या शेकडो नमुन्यांवर शिकवलेली हवीत. दुसऱ्या देशाच्या मातीवर शिकलेले यंत्र इथल्या भारी जमिनीत आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देईल.

उपग्रह मदत करतात, पण मर्यादेत. युरोपचा सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी दहा मीटरच्या बारकाईने पाहतो. काड्या जाळल्या का, ताग उगवला का, नांगरट कधी झाली, हे तो सांगेल. जमिनीखालचा कार्बन त्याला दिसत नाही. हवेतल्या वायूंची ये-जा मोजणारे मनोरेही असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने देशात असे मनोरे उभारले आहेत. वाऱ्याचा वेग आणि कार्बन डायऑक्साइड सेकंदाला दहा-वीस वेळा मोजून रान कार्बन घेते की सोडते, याचा ताळेबंद त्यातून निघतो. पण असा मनोरा शेकडो मीटरचा परिसर एकत्र वाचतो. एक एकराचा धनी त्यात वेगळा काढता येत नाही.

पैशाचे गणितही तेच सांगते. वरची वाढ कार्बनऐवजी कार्बन डायऑक्साइडच्या वजनात मोजली, की एकरी वर्षाला अर्ध्या टनाहून थोडे अधिक क्रेडिट होते. टनाला दहा डॉलर भाव धरला, तरी हातात पाचशे रुपयांच्या आसपास. एकट्या शेतकऱ्याच्या बागेत पुरेसे नमुने घेण्याचा खर्च त्याहून जास्त होतो. म्हणून पडताळणीचे एकक शेत असू शकत नाही. ते चारी असावे लागेल, गाव असावे लागेल. एकसारखी माती, एकसारखे पीक आणि हिशेब ठेवायची सवय असलेली संस्था असेल, तर दोन-तीनशे नमुन्यांत शेकडो एकरांचा विश्वासार्ह अंदाज निघतो.

एक प्रश्न मात्र कुठल्याच सेन्सरच्या आवाक्यात नाही. हे क्रेडिट नसते तर काय झाले असते? द्राक्षबागायतदार बाहेरगावाहून ट्रकने शेणखत आणतो, बागेत कार्बन वाढतो, यंत्र तो बरोबर टिपते. पण ते खत एरवी तिथल्याच बाजरीच्या शेतात पडले असते. कार्बनने फक्त गाव बदलले, हवेला काहीच मिळाले नाही. तोच ट्रक शेण उकिरड्यावर कुजून जाण्यापासून वाचवत असेल, तर गोष्ट वेगळी. हे ठरवायला माणसाने चौकशी करावी लागते, आणि ती चौकशी क्रेडिट विकणाऱ्याच्या पगारावर नसलेल्या माणसाने करावी लागते.

भारताने कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित केली. जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा आणला. करारपत्रे शेतकऱ्यांपुढे येत आहेत आणि येणार आहेत. त्यावर सही करण्याआधी, सेन्सर कुठल्या कंपनीचा याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे रीडिंग कोणाला दिसणार हे विचारावे. आकडे कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि शेतकऱ्याला मोबाइलवर फक्त अंतिम टनांचा मेसेज येतो, ही व्यवस्था मला मान्य नाही. चारीवरची पट्टी दोघांना दिसते, तसे कच्चे आकडेही संस्थेच्या दप्तरी हवेत. सेन्सर दरवर्षी कोण तपासून देणार, बिघडला तर त्या काळाचा हिशेब कसा धरणार, हेही लिहून घ्यावे.

आणि एक स्वस्तातली तरतूद आजच करता येईल. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रात १८४३ पासून चाललेल्या प्रयोगांची माती सुकवून जपून ठेवली आहे, आणि आजचे शास्त्रज्ञ नव्या यंत्रांवर ती पुन्हा तपासतात. प्रत्येक पाणी वापर संस्थेने प्रकल्पाच्या पहिल्या वर्षीचे नमुने सुकवून, चाळून, गट नंबर आणि तारीख लिहून बरण्यांत ठेवावेत. दहा वर्षांनी जुनी आणि नवी माती एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी, एकाच यंत्रावर लावता येईल. दोन काळांतल्या दोन यंत्रांचा फरक मग कोणी कार्बन म्हणून विकू शकणार नाही, आणि कंपनीचा आकडा पटला नाही तर संस्थेला स्वतःची माती दुसरीकडे तपासून घेता येईल.