घर नावावर करण्याआधी

मध्य प्रदेशातील एका आईने २०१९ साली आपली मिळकत मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकली. मुलगा आपला सांभाळ करतो, अशी नोंद दस्तात होती. पुढे आणखी मालमत्तेसाठी तो छळतो, अशी तक्रार घेऊन तिला दाद मागावी लागली. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ तिच्या कामी आले. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास परत मागता येते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे ती हरली. पण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवून ताबा तिला देण्याचा हुकूम केला.

याच न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये मात्र दुसऱ्या एका आईची मागणी मान्य केली नव्हती. तिने मुलींच्या नावे हक्क सोडला होता, पण सांभाळण्याची अट होती हे सिद्धच झाले नाही. पोटच्या पोरांना कसली अट घालायची, असे आपल्याकडे वाटते खरे. पण ही एक ओळ दस्तात लिहून घ्यायला संकोच कशाला?

मिळकतच नसेल तर पोटगी मागता येते. महाराष्ट्रात त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. वकिलाची गरज नाही. सज्ञान नातवंडांवरही ही जबाबदारी येते. आणि लग्न झालेल्या मुलीवर? सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच, एका वडिलांच्या अर्जावर, तीही जबाबदार असल्याचे सांगितले आहे.