मेंदूज्वर वेळेत ओळखायचा तर

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणं असतात. जंतुसंसर्गाने ती सुजली की डॉक्टर त्याला मेनिंजायटिस म्हणतात. आपण सरसकट ‘मेंदूज्वर’ म्हणतो. तो जिवाणूंमुळे झाला असेल, तर सहातला साधारण एक रुग्ण दगावतो. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणण्याची इथे सोय नाही.

आधी तान्हं बाळ पाहू, कारण फसगत इथेच जास्त होते. मान ताठ नाही म्हणून आपण निर्धास्त होतो, पण तान्ह्याची मान ताठ होतेच असं नाही. बाळ अंगावर पीत नाही, सारखं पेंगतं, उचलून घेतलं की अधिकच किंचाळतं, अंग सैल सोडतं, या त्याच्या खुणा. तापाऐवजी अंग गारही लागू शकतं.

मग टाळू पाहा. रोज तेल घालणाऱ्या आजीच्या बोटांना ती एरवी कशी लागते हे पक्कं ठाऊक असतं. बाळ रडताना टाळू वर येतेच. शांत असताना, उभं धरल्यावरही ती फुगलेली, टणक लागली तर लगेच निघा. फुगली नाही, पण बाकीच्या खुणा आहेत, तरीही निघाच.

मोठ्यांना ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या होतात. उजेड सोसवत नाही, हनुवटी छातीला टेकत नाही. सगळं एकदम दिसेल म्हणून थांबू नका. हाकेला ओ नाही, असंबद्ध बडबड, आकडी, यातलं काहीही तापात दिसलं की 108 ला फोन करा. अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेचा पेला दाबूनही फिके पडत नसतील, तर तेही तातडीचंच. सावळ्या कातडीवर ते तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत शोधा.

आकडीत कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा. गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला, असंही नाही. आधी दिलेल्या औषधांची पाकिटं सोबत न्या. प्रतिजैविकांमुळे खुणा झाकल्या जातात.

क्षयाचा मेंदूज्वर मात्र सावकाश येतो. आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, चिडचिड, वजन घटणं. आपण त्याला पित्त किंवा अर्धशिशी समजतो. पाथर्डी-जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हे सहज निसटू शकतं, कारण मुक्काम बदलला की डॉक्टर बदलतो आणि दुखण्याचा सगळा क्रम एकालाही कळत नाही. तो तारखांसह लिहून ठेवा. घरात कुणाला टीबी झाला असेल तर न विचारता सांगा.

दवाखान्यात पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की ‘पोर लुळं पडेल’ म्हणून घरचे अडतात. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. त्या पाण्यावरूनच कोणता जंतू ते कळतं. नकार देऊ नका.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. आजाराच्या खुणा ओळखायला शाळा शिकलेली असावी लागत नाही, हे जामखेडनेच दाखवलं आहे.

जन्मतःची बीसीजी, पुढे पेंटाव्हॅलेंट आणि पीसीव्ही या सरकारी लशी मोफत मिळतात. त्या चुकवू नका. आणि मूल बरं झालं तरी घरी आणण्याआधी त्याच्या कानांची तपासणी मागून घ्या. ऐकू कमी येणं हा या आजाराचा अनेकदा मागे राहणारा परिणाम आहे.