रपाँतिन्यीचे काउबॉय

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियालच्या ईशान्येला, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी रपाँतिन्यी नावाचे उपनगर आहे. पर्यटकाने वाट वाकडी करून जावे असे तिथे फारसे काही नाही. नव्वदच्या दशकात तिथल्या आइस हॉकीच्या संघात दोन तरुणांची गाठ पडली. कार्ल त्राँब्ले गायचा, ज्याँ-फ्रान्स्वा पोझे गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. व्हायोलिन, मँडोलिन, अ‍ॅकॉर्डियन, हाताला येईल ते वाद्य वाजवणारी मारी-अनिक लेपीन, बास गिटारवर जेरोम द्यूप्रा आणि ड्रम्सवर दोमिनिक लबो हे त्यांना येऊन मिळाले. बँडचे नाव ‘ले काउबॉय फ्रँगाँ’, म्हणजे रुबाबदार काउबॉय. १९९७ साली त्यांनी पहिला अल्बम स्वतःच काढला.

तो काळ लक्षात घेतला नाही तर हा बँड कळत नाही. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी फ्रेंचभाषक क्वेबेकने कॅनडापासून वेगळे व्हावे की नाही यावर सार्वमत झाले आणि स्वातंत्र्यवाद्यांचा पराभव एका टक्क्याच्या आसपासच्या फरकाने झाला. इंग्रजीने व्यापलेल्या खंडात फ्रेंच टिकवण्याची धडपड तिथे फार जुनी. १९७७ च्या भाषा कायद्याने शाळा, दुकाने आणि कचेऱ्यांत फ्रेंचला पहिले स्थान दिले. फ्रेंच रेडिओ केंद्रांवर लोकप्रिय गाण्यांपैकी ६५ टक्के गाणी फ्रेंचमध्ये असावीत, असा कॅनडाचा नियम आहे. पण कायदा फार तर गाणे कानापर्यंत पोचवतो, ते ओठांवर आणण्याचे काम कलावंताचेच. सार्वमतानंतरच्या हताश वर्षांत वयात आलेल्या पिढीसाठी ते काम या पाच जणांनी केले. स्वतंत्र क्वेबेकविषयीची आपली ओढ त्यांनी कधी लपवली नाही.

त्यांची भाषा पॅरिसची नव्हे. ती माँट्रियालच्या कामगार वस्त्यांतली, शब्द गिळणारी, इंग्रजी शब्द बिनदिक्कत पोटात घेणारी बोली. चालींत क्वेबेकच्या लोकसंगीताचा ठेका आणि त्यावर रॉकची गिटार. लेपीनचे व्हायोलिन काढून घेतले तर यातली निम्मी गाणी साध्या रॉकसारखी वाटतील. त्या व्हायोलिनमुळेच गावच्या नाचाची लय त्यांत उतरते.

२००२ च्या ‘ब्रेक संदिकाल’ या अल्बमने त्यांना घरोघरी नेले. ३० डिसेंबर २००३ रोजी त्यांनी माँट्रियालच्या बेल सेंटरमध्ये कार्यक्रम केला. हॉकीवर जीव टाकणाऱ्या त्या शहरात माँट्रियाल कॅनेडियन्स संघाचे हे घरचे मैदान. हॉकीतून जमलेल्या दोस्तांसाठी यापेक्षा मोठा रंगमंच नव्हता. पुढच्याच वर्षी ‘ला ग्राँ-मेस’ हा अल्बम आला. त्यातले ‘प्ल्यू रियँ’ हे गाणे पृथ्वीवर उरलेल्या शेवटच्या माणसाच्या तोंडी आहे: पाणी, जंगल, हवा सगळे संपल्यावर तो मरता मरता हिशेब मांडतो. हे गाणे आजचे नव्हे, २००४ चे आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. २००६ मध्ये बँडने पर्यावरणासाठी स्वतःचे प्रतिष्ठान काढले. द्यूप्राने तर पुढे विद्यापीठात प्राध्यापक म्हणून पर्यावरणीय अर्थशास्त्रात संशोधन सुरू केले, आणि बास वाजवणे चालूच ठेवले. लबो मात्र २००७ मध्ये बाहेर पडला. त्यानंतर उरलेले चौघेच बँडचा गाभा राहिले.

त्यांची घोषणांच्या अंगाने जाणारी राजकीय गाणी मला तितकी भावत नाहीत. त्यांत राग खरा असतो, पण माणूस दिसत नाही. पोझेची लेखणी खुलते ती एखाद्या माणसात शिरते तेव्हा. ‘लामेरिक प्लर’ या २०१९ च्या गाण्यात लांब पल्ल्याचा ट्रकचालक केबिनमधून अमेरिका पाहतो; वाटेत दिसणारी गरिबी, उधळपट्टी, एकटेपणा सांगत जातो. उपदेश कुठेही नाही. आणि ते गातो कार्ल, ज्याचा आवाज कसलेल्या गायकाचा वाटतच नाही. शेजारच्या टेबलावरचा कोणी भला माणूस दिवसभराच्या कामानंतर बोलू लागावा, तसा तो आवाज आहे. लिहिणारा एक आणि गाणारा दुसरा असूनही शब्द उसने वाटत नाहीत, हे या जोडीचे खरे यश. २०२० मध्ये या गाण्याला क्वेबेकचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार मिळाला. फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंडमधल्या श्रोत्यांनीही ही गाणी उचलून धरली. त्यांच्यासाठी बँडने आपले उच्चार गुळगुळीत केले नाहीत.

कार्लला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. उपचार घेत घेत तो गात राहिला. जुलै २०२३ मध्ये क्वेबेक शहराच्या उन्हाळी महोत्सवात, ‘अब्राहमचे पठार’ या तिथल्या मैदानावर सुमारे ९० हजार लोकांसमोर तो गायला, अधूनमधून खुर्चीवर बसून. १५ नोव्हेंबरला तो गेला. वय ४७. मागे जोडीदार मारी-अनिक लेपीन आणि दोन मुली. क्वेबेक सरकारने राष्ट्रीय मानवंदना जाहीर केली, आणि ती २८ नोव्हेंबरला बेल सेंटरमध्ये झाली. हजारो लोक आले. एका रॉक गायकासाठी सरकारने हे करावे का, असा प्रश्न दुरून पडू शकतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. शासनाने कायद्याने जी भाषा राखली, ती या माणसाने वीस-पंचवीस वर्षे लोकांच्या तोंडी खेळती ठेवली.

कार्लचा आवाज असलेला ‘पब रोयाल’ हा अल्बम एप्रिल २०२४ मध्ये आला. पण ओळख करून घ्यायची असेल तर त्याने सुरुवात करू नका. आधी ‘लामेरिक प्लर’ ऐका, मग ‘प्ल्यू रियँ’, आणि शक्य झाल्यास शब्दांचे भाषांतर समोर ठेवून ऐका. नुसत्या चालीवर भागवण्याजोगी ही गाणी नाहीत.