लीप-द-डिप्स: जुन्या लाकडी रोलर कोस्टरबद्दल चार गैरसमज

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अल्टूना इथे लेकमॉन्ट पार्क आहे. तिथला ‘लीप-द-डिप्स’ १९०२ सालचा, आज जगात टिकून असलेल्या रोलर कोस्टरांमध्ये सर्वांत जुना. त्याच्याविषयी आणि एकूणच लाकडी कोस्टरांविषयी काही समजुती घट्ट रुजल्या आहेत.

गैरसमज: सर्वांत जुना कोस्टर न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा ‘सायक्लोन’.
वस्तुस्थिती: सायक्लोन १९२७ चा, म्हणजे लीप-द-डिप्सपेक्षा २५ वर्षांनी धाकटा.

गैरसमज: तो १९०२ पासून अखंड चालू आहे.
वस्तुस्थिती: १९८५ मध्ये तो बंद पडला. १९९६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि दुरुस्तीनंतर १९९९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. अखंड चालण्याचा मान ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या लूना पार्कमधील ‘सीनिक रेल्वे’कडे जातो, ती १९१२ ची आहे.

गैरसमज: गाडीला पूर्ण फेरीभर इंजिन ओढते.
वस्तुस्थिती: साखळी गाडीला फक्त चढावर नेते. सुमारे ४१ फुटांच्या उंचीवरून सुटल्यावर सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. चौघांची छोटी गाडी इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या मार्गावरून वळणे घेत खाली येते.

गैरसमज: सीटबेल्ट नाही, म्हणजे तो जिवावर बेतणारा.
वस्तुस्थिती: त्यात सीटबेल्ट नाही, मांडीवर येणारा दांडाही नाही, हे खरे. पण सर्वांत मोठी उतरण जेमतेम ९ फुटांची आणि वेग सरासरी ताशी १६ किलोमीटर. गाडीच्या बाजूची चाके कडेच्या फळ्यांना घासत तिला मार्गावर ठेवतात. मात्र गाडीला रुळावरून उचलू न देणारी खालची चाके इथे नाहीत. तशा चाकांचे पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतले, आणि मगच उंच, वेगवान उतार शक्य झाले. लीप-द-डिप्सचा संथपणा हा त्या काळातल्या तंत्राने नीट ओळखलेली मर्यादा आहे. लाकडी सांगाडा गाडीच्या भाराने किंचित हलतो, तोही रचनेचाच भाग. कुजलेला वासा तेवढाच काढून नवा बसवता येतो.

आठच्या आकड्याचे असे बाजूच्या चाकांवर चालणारे कोस्टर एकेकाळी अमेरिकेत गावोगाव होते. उत्तर अमेरिकेत आता हा एकटाच उरला आहे. मिलरच्या आधीचा कारागीर वेग कसा आवरत होता, हे कागदावरच्या नकाशापेक्षा चालत्या गाडीत बसून जास्त कळते. म्हणून त्याची निगा राखण्यावर होणारा प्रत्येक खर्च सार्थकी लागतो.